हात वर का गेला नाही?



मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर बेलपाड्यातल्या एका गटाची मीटिंग होती. विषय साधाच, अंतर्गत कर्जाची मर्यादा वाढवायची की नाही. चर्चा झाली आणि मी म्हटलं, "ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा." १४ बायका बसलेल्या, हात वर आले ११. मी इतिवृत्तात लिहून टाकलं, ठराव बहुमताने मंजूर, तीन सदस्य विरोधात. सचिवताईंनी ते मोठ्याने वाचलं आणि एक मावशी एकदम तापल्या. "विरोध कोणी केला गं? माझा हात वर जात नाय, म्हणून नाय केला!" दुसरी हसायला लागली, तिचंही तेच होतं. तिसरीने काही न बोलता उजव्या हाताने डावा हात मनगटाला धरून उचलून दाखवला आणि अर्ध्यावरच डोळे मिटले.

मला हसू आलं आणि लाजही वाटली. दर महिन्याला मी या बायकांकडे बसते, वह्या तपासते, थकबाकी विचारते. १४ पैकी तिघींचा हात डोक्यापर्यंत जात नाही, हे मला ठरावाच्या दिवशी कळलं.

मी डॉक्टर नाही, समाजकार्य शिकलेली मुलगी आहे. पण त्यानंतर या तिघींबरोबर मी दवाखान्यात गेले, फिजिओथेरपीच्या खोलीबाहेर बाकावर बसले, डॉक्टरांना विचारून विचारून भंडावलं. तेच इथे लिहिते आहे. तिघींना विचारून लिहिलं आहे, नावं घालत नाही.

तिघींचं म्हणणं एकच होतं, "खांदा धरलाय, वात आहे." तिघींनी तेल चोळलं होतं, तिघींनी मेडिकलमधून गोळी आणली होती. पण तपासल्यावर तीन वेगळी दुखणी निघाली. एकीने काही दिवस ओझं कमी करायला हवं होतं. दुसरीने हात हलवायचं थांबवलं आणि त्यानेच तिचं नुकसान झालं. तिसरीला पहिल्याच दिवशी एक्स-रे लागत होता. नाव एकच असलं तरी उपाय उलटसुलट आहेत. म्हणून खांदा दुखतो एवढंच म्हणून थांबायचं नाही. कोणाचा दुखतो, वय काय, काम काय, साखर आहे का, पडली होती का, हे सगळं विचारायचं.

दुखणं आपल्याकडेच जास्त आहे असंही नाही. जगभरच्या पाहण्यांत कुठल्याही एका वेळी शंभर मोठ्या माणसांपैकी ७ ते २६ जणांचा खांदा दुखत असतो. आपल्या महाराष्ट्रात १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमातलं ते काम होतं. चार हजारांवर प्रौढ माणसांना विचारलं, तर शंभरात १८ जणांना हाडं, सांधे नाहीतर स्नायूंचं दुखणं होतं.  दुखतंय म्हणून काम सोडायची सोय खेड्यात कोणाला असते?

आता खांदा म्हणजे काय ते आधी बघू. कमरेचा सांधा उखळात मुसळ बसावं तसा खोल बसलेला असतो. खांद्याचं तसं नाही. तिथली वाटी इतकी उथळ असते की बशीवर लिंबू ठेवावं तसं दंडाचं हाड तिच्यावर टेकलेलं असतं. म्हणून तर हात चारी बाजूंना फिरतो, पाठीमागे जातो, डोक्यावरचा हंडा धरतो. पण लिंबू बशीवरून घसरू नये म्हणून त्याला चार छोट्या स्नायूंनी धरून ठेवलेलं असतं. डॉक्टर त्या चौघांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. आणि सांध्याभोवती एक पातळ पिशवी असते. तिला काखेकडे चुण्या असतात, हात वर केला की त्या सुटतात, खाली आणला की परत पडतात.

एवढं लक्षात ठेवलं तर पुढचं सोपं आहे. कधी स्नायू दुखावतात, कधी ती पिशवी आटते, कधी हाड मोडतं किंवा झिजतं. आणि कधी यातलं काहीच नसतं, दुसरीकडचं दुखणं खांद्यावर येऊन बसतं.

पहिल्यांदा त्या तापलेल्या मावशींचं सांगते, कारण त्यात माझीही चूक आहे. मावशींचं वय ५२. घरी तांदळाच्या भाकऱ्यांच्या ऑर्डरी घेतात. दिवाळीनंतर त्यांचा डावा खांदा दुखायला लागला. पडल्या नव्हत्या, काही उचललं नव्हतं. रात्री जास्त ठणकायचा, त्या कुशीवर झोपताच येईना. मी जानेवारीत त्यांच्या घरी गेले होते तेव्हा मला म्हणाल्या, "काय करू गं पोरी?" मी मोठ्या शहाणपणाने सांगितलं, "मावशी, हाताला पूर्ण आराम द्या, हलवूच नका." मुलाने गळ्यात अडकवायची झोळी आणून दिली. दोन महिने हात झोळीत.

होळीपर्यंत ठणका कमी झाला. मावशींना वाटलं बरं झालं. झोळी काढली तर हात कोपरापासून वर जाईना. अंबाडा घालता येईना, मागचं हूक लावता येईना, कपाटावरचा डबा निघेना. सून केस विंचरून द्यायची. मग मालिश, मग कुठलंसं औषधी तेल, मग इंजेक्शन. गटातून ९ हजारांचं कर्ज काढलेलं, वहीत कारण लिहिलं होतं "आजारपण". मी ती नोंद तपासून सही केली होती. कसलं आजारपण, ते विचारलं नव्हतं.

हा आजार म्हणजे फ्रोझन शोल्डर, आखडलेला खांदा. सांध्याची पिशवी सुजते, जाड होते आणि धुतल्यावर सुती परकर आटावा तशी आटते. मग तिच्या चुण्या सुटत नाहीत. ओळखायची खूण अशी. हात स्वतःला वर नेता येत नाहीच, पण दुसऱ्या कोणी उचलून नेला तरी जात नाही. आणखी एक करून बघा. दोन्ही कोपरं कमरेला चिकटवा, हात पुढे करा आणि कोपरं न हलवता दोन्ही हात दाराच्या दोन फळ्यांसारखे बाहेर उघडा. आखडलेल्या बाजूची फळी अर्ध्यातच अडते.

होतो कोणाला? बहुतेक ४० ते ६० वयात, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. मासिक पाळी जायचं वय आणि हे वय एकच असल्यामुळे बऱ्याच जणी म्हणतात, "पाळीचंच असेल." पण बऱ्याच वेळा धागा साखरेचा असतो. मधुमेह असलेल्या माणसाला आखडलेला खांदा होण्याची शक्यता मधुमेह नसलेल्याच्या सुमारे ५ पट असते. आणि उलटं पाहिलं तर खांदा आखडलेल्या शंभर जणांत साधारण ३० जणांना मधुमेह निघतो. थायरॉईडचा त्रास असलेल्यांनाही हा जास्त होतो. छातीच्या गाठीचं ऑपरेशन झालेल्या, किंवा हात मोडून बरेच दिवस बांधून ठेवलेल्या बाईलाही होतो, कारण तिथे हात हललेलाच नसतो.

मावशींना कोणी साखर तपासायला सांगितली नव्हती. ना तेलवाल्याने, ना इंजेक्शन देणाऱ्याने, ना मी. ठरावाच्या मीटिंगनंतर आशाताईंबरोबर गेलो तर उपाशीपोटी साखर २१० निघाली. मावशी गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे खांद्याने सांगितलं." किती वर्षं अंगात होती कोण जाणे. रात्री दोनदा उठावं लागतं, पायाला मुंग्या येतात, हे त्या वयाचं समजून बसल्या होत्या.

आखडलेला खांदा साधारण तीन टप्प्यांनी जातो. आधी काही महिने ठणका वाढत जातो आणि हालचाल कमी होते. मग ठणका उतरतो पण हात अडकलेला राहतो. मग हळूहळू सुटतो. सगळं मिळून एक ते तीन वर्षं. ऐकून घाबरू नका, पण "आठ दिवसांत खांदा मोकळा" असं कोणी सांगितलं तर पैसे काढायच्या आधी हा आकडा आठवा. बहुतेकींचा हात कामापुरता परत येतो, काहींचा थोडा कमीच राहतो. पुढे काही वर्षांत दुसरा खांदाही धरू शकतो. ठणक्याच्या पहिल्या महिन्यांत डॉक्टर सांध्यात स्टेरॉईडचं इंजेक्शन देतात, त्याने काही आठवडे बरंच हलकं वाटतं आणि व्यायाम करता येतो. पण साखर असलेल्या बाईची साखर या इंजेक्शनने काही दिवस वर जाते. म्हणून सुई घ्यायच्या आधी "मला साखर आहे" हे आपण होऊन सांगायचं, त्यांनी विचारायची वाट बघायची नाही.

दुसरी, ती हसणारी, ३४ वर्षांची. खारघरमधल्या सोसायटीत चार घरची कामं. सकाळी बेलपाडा स्टेशनवरून मेट्रो पकडते. तिला पहिल्यांदा जाणवलं ते मेट्रोतच, वरची कडी धरली की खांद्याच्या बाहेरच्या अंगाला चटका. आधीच्या महिनाभरात तिने चारही घरचे पंखे, खिडक्या, जाळ्या पुसल्या होत्या. स्टूलवर उभं राहून, हात डोक्याच्या वर, तासन् तास.

हिचा हात उचलून नेला तर पूर्ण वर जात होता. स्वतः बाजूने वर नेताना मात्र मध्ये, खांद्याच्या उंचीच्या आसपास, कळ यायची. ते रोटेटर कफचं दुखणं, खांदेदुखीचं सगळ्यात नेहमीचं कारण. स्नायूंच्या टोकाला ज्या दोऱ्या असतात त्या वर हात ठेवून सारखं काम केल्याने, अचानक जास्त ओझं उचलल्याने किंवा वयाने थकतात. आपण त्याला शीर आखडली म्हणतो. तिशी-चाळिशीत बहुधा कामाच्या भाराने होतं, आणि साठीनंतर त्या दोऱ्या विरलेल्या कापडासारख्या झालेल्या असतात, कधी फाटतातही.

इथे एक आगाऊ सल्ला. हिला एके ठिकाणी पहिल्याच दिवशी एमआरआय काढायला सांगितला होता. ही कर्ज मागायला आली. तोवर मी थोडी शहाणी झाले होते, म्हटलं आधी पनवेलला दाखवू. तिथले डॉक्टर म्हणाले, सध्या गरज नाही. साठी ओलांडलेल्या कितीतरी माणसांच्या एमआरआयमध्ये दोरी फाटलेली दिसते आणि त्यांना काडीचं दुखत नसतं. म्हणून नुसत्या फोटोवरून दुखण्याचं कारण ठरत नाही. पडल्यावर किंवा झटका बसल्यावर हातातली ताकदच गेली, हात उचलताच येईना, तर गोष्ट वेगळी. तिथे उशीर करायचा नाही. नाहीतर ६ ते १२ आठवडे व्यायाम आणि कामात बदल करून बघतात.

कामात बदल म्हणजे काय, हाच तिचा प्रश्न होता. "मॅडमना सांगू का, हात दुखतोय, पंखे पुसणार नाही? दुसरी ठेवतील." खरं आहे. आराम करा म्हणणं सोपं असतं, आराम केलेल्या दिवसाचे पैसे कापले जातात ते तिचे. शेवटी गटातल्याच एकीबरोबर तिने अदलाबदल केली. पंखे-खिडक्या तिच्याकडे, तिच्या घरची भांडी-भाजी चिरणं हिच्याकडे, तीन महिन्यांसाठी. दोन्हीकडच्या मॅडमना फरक पडला नाही. लांब दांड्याचा ब्रश घेतला. भरलेली बादली एका हाताने न उचलता अर्धी अर्धी दोनदा न्यायची. दुखऱ्या कुशीवर झोपायचं नाही आणि उताणं झोपताना दंडाखाली घडी केलेली गोधडी ठेवायची. एवढ्याने आणि व्यायामाने सध्या मेट्रोची कडी धरते.

बेलपाड्यात आता आवणी राहिली नाही, शेतं सिडकोत गेली. पण हातावरचा भार गेला असं समजू नका, तो डोक्यावरच्या भाऱ्यावरून पंख्यावर आला. पनवेलच्या आतल्या गावांत अजून आवणी आहे, तिथल्या तायांना दोन्ही भार आहेत. वीटभट्टीवर जाणाऱ्या, मासळीची पाटी नेणाऱ्या, दिवसभर पापड लाटणाऱ्या, शिलाई मशीनवर बसणाऱ्या, सगळ्यांना हेच लागू. ओझ्याएवढाच त्रास सारखी तीच हालचाल केल्याने होतो.

तिसरी आजीच म्हणायची, ६३ वर्षांची. ओट्यावर शेवाळ होतं, पाय घसरला, पडताना हात टेकला. घरच्यांनी "मुरगळलंय" म्हणून चोळून आणि ओढून घेतलं. मीटिंगच्या दिवशी या गोष्टीला तीन आठवडे झाले होते. दंडावर हिरवट-काळा डाग कोपरापर्यंत उतरलेला, पदराखाली झाकलेला. एक्स-रेमध्ये खांद्याजवळ दंडाच्या हाडाला तडा निघाला. पाळी गेल्यानंतर हाडं हळूहळू पोकळ होतात, साध्या पडण्यानेही मोडतात. या जागचं बरंचसं हाड ऑपरेशनशिवाय, झोळीत ठेवून जुळतं. त्यानंतर डॉक्टर सांगतील तेव्हा हालचाल सुरू करायची, नाहीतर मावशींसारखा खांदा आखडतो. पण चोळायचं आणि ओढायचं मात्र नाही. वयस्क बाई पडली आणि खांदा दुखतोय, तर आधी एक्स-रे. खांद्याचा आकारच बदललेला दिसला, निखळल्यासारखा, तर घरी बसवायला जाऊ नका, जवळून जाणारी नस दुखावते.

साठीनंतर खांद्याचा सांधा झिजतोही, गुडघ्यासारखाच, पण गुडघ्याएवढा नेहमी नाही. त्यावर जास्त लिहीत नाही.

आता मानेचं. खांदा दुखतो म्हणणाऱ्या बऱ्याच जणींचा खांदा ठणठणीत असतो, दुखणं मानेतून उतरलेलं असतं. मान वळवली की कळ येते, कळ कोपराच्या खाली बोटांपर्यंत जाते, मुंग्या येतात, हात डोक्यावर ठेवला की उलट बरं वाटतं. असं असेल तर डॉक्टरांना खांदा न म्हणता हे सगळं जसंच्या तसं सांगा.

पुढचं मात्र नीट वाचा आणि घरात ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. काही वेळा खांदा दुखतो तेव्हा बिघाड हृदयात नाहीतर पोटात असतो. खूण ही, की खांदा हलवल्याने दुखणं वाढत नाही आणि न हलवल्याने थांबत नाही.

चालताना, जिना चढताना खांदा, छाती, जबडा, पाठ किंवा हात दाटल्यासारखा होतो आणि थांबल्यावर बरं वाटतं, ते हृदयाचं असू शकतं. डावाच हात दुखला पाहिजे असं नाही. बायकांमध्ये कधी छातीत कळ न येता दम लागणं, घाम, मळमळ, खूप थकवा एवढंच दिसतं आणि घरचे पित्त म्हणून सोडून देतात. बसल्या जागी असं सुरू झालं आणि थांबेना तर १०८ ला फोन करा, रुग्णवाहिकेचे पैसे पडत नाहीत.

पाळी चुकली आहे, पोटात एका बाजूला दुखतंय, चक्कर येतेय आणि खांद्याच्या टोकाला कळ आहे, तर गर्भ पिशवीच्या बाहेर, नळीत राहिलेला असू शकतो. नळी फुटून पोटात रक्त साचलं की ते खांद्यावर दुखतं. ऐकायला विचित्र आहे, पण पोट आणि छातीमधल्या पडद्याची आणि खांद्याची नस मानेत एकाच ठिकाणाहून निघते. इथे तास मोजून हालचाल करायची. नसबंदी झालेली असली तरी हे अगदीच होत नाही असं नाही.

तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखून उजव्या खांद्याकडे जातं, ते पित्ताशयातले खडे असू शकतात. खांदा लाल, गरम, सुजलेला आणि ताप आहे, तर सांध्यात पू झालेला असू शकतो, त्याच दिवशी दवाखाना. कित्येक आठवडे खांदा दुखतोय, वजन उतरतंय, संध्याकाळी ताप येतो, किंवा काखेत नाहीतर छातीत गाठ लागते, तर टीबी किंवा कॅन्सर नाही ना हे बघून घ्यायचं. लाजायचं काही नाही यात.

गोळ्यांचं. मेडिकलमधली दुखण्याची गोळी दोन-चार दिवस ठीक. महिनोन् महिने घेतली तर पोटात जखम होते, बीपी वाढतं, किडनीवर येतं, आणि साखर असलेल्या बाईची किडनी आधीच नाजूक असते. उपाशीपोटी घेऊ नका. आणि कागदाच्या पुडीतलं, नाव नसलेलं औषध घेऊ नका. त्यात काय आहे हे देणाऱ्यालाही पुष्कळदा सांगता येत नाही. काही पुड्यांत स्टेरॉईड घातलेलं असतं, म्हणून चार दिवस जादू झाल्यासारखं वाटतं. तेल लावायला हरकत नाही, शेकाने बरं वाटतं. मऊ हाताने लावायचं. पण त्याने आटलेली पिशवी सैल होत नाही.

व्यायाम तीन सांगते, मावशी आणि हसणारी ताई दोघी करतात. हाड मोडलेलं नाही हे नक्की झाल्यावरच करायचे.

पहिला लोलकाचा. बरा हात ओट्यावर टेकून कमरेत वाका, दुखरा हात घड्याळाच्या लंबकासारखा सैल सोडा, अंगाच्या हलण्याने तो पुढेमागे आणि लहान गोल फिरू द्या, एक-दोन मिनिटं. अर्नेस्ट कॉडमन नावाच्या अमेरिकन सर्जनचं नाव या व्यायामाला आहे. फ्रोझन शोल्डर हे नावही त्यांनीच १९३४ मध्ये दिलं.

दुसरा भिंतीचा. भिंतीसमोर उभं राहून बोटं मुंग्यांसारखी वर चढवायची. जिथे थांबतील तिथे खडूने रेघ मारायची. खांदा कानाकडे उचलून फसवाफसवी करायची नाही.

तिसरा ओढणीचा. पाठीमागे ओढणी वरून बऱ्या हाताने आणि खालून दुखऱ्या हाताने धरायची, आपण अंघोळीला पाठ घासतो तसं. वरच्या हाताने हळू ओढायचं, खालचा हात जेवढा वर येईल तेवढा.

दिवसातून दोन-तीनदा, पाच-दहा मिनिटं. ताण जाणवला पाहिजे, चरचरून कळ यायला नको. व्यायामानंतर जास्तीचं दुखणं तासाभरात उतरलं तर बरोबर चाललंय. रात्रभर ठणकलं तर दुसऱ्या दिवशी कमी करायचा. "जेवढं दुखेल तेवढं सुटेल" म्हणून कोणी जोर लावून हात पिरगळायला लागलं तर सरळ नाही म्हणा.

खर्चाचं शेवटी, कारण आपल्याकडे सगळं तिथेच अडतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत आणि रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केसपेपरचेही पैसे नाहीत. पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय त्यात येतं. तीस वर्षांवरच्या प्रत्येकीची साखर, बीपी, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी कार्यक्रमातच आहे, आशाताई घरी येऊन त्याचा फॉर्म भरतात. त्या आल्या की "मला काय झालंय" म्हणून परत पाठवू नका. मावशींनी खांद्यावर ९ हजार घातले आणि जी तपासणी त्यांना खरी लागत होती तिला एक रुपया लागत नव्हता.

दवाखान्यात जाताना एवढं सांगता आलं पाहिजे. कधीपासून दुखतंय, पडला होता का, रात्री दुखतं का, हात दुसऱ्याने उचलला तर जातो का, काम काय करता, साखर-थायरॉईड आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत. जुन्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, ती "लय दुखतं हो" यात संपतात.

आमच्या गटात आता एक बदल केला आहे. कर्जाच्या वहीत नुसतं "आजारपण" लिहीत नाही. कसलं आणि सरकारी दवाखान्यात दाखवलं का, हे विचारतो. सांगायचं नसेल तर सांगू नये, कर्ज अडवत नाही.

मावशींची साखर गोळी आणि पथ्याने बरीच खाली आली आहे. भाकरी कमी कशी करायची यावर त्यांचं माझं अजून भांडण चालू आहे. स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूच्या रेघा एकावर एक चढल्या आहेत, नातू दर रविवारी तारीख घालतो. सगळ्यात वरची रेघ कपाळाच्या वर चार बोटं आहे. अंबाडा घालता येतो, मागचं हूक अजून नाही, म्हणून त्यांनी पुढच्या हुकांचे ब्लाऊज शिवून घेतले. इतिवृत्तातली ती ओळ मी खोडून पुन्हा लिहिली, ठराव एकमताने मंजूर, आणि खाली तिघींच्या सह्या घेतल्या.